मासा सोडला, पण तो जगला का?

आजचा भाग ऐकायला ज्यांना वेळ नाही, त्यांच्यासाठी हा लेखी मजकूर.

रील्समध्ये हे दृश्य तुम्ही पाहिलं असेलच. डोंगरातली थंड नदी, हातात ठिपकेवाला ट्राउट, कॅमेऱ्याकडे बघून हसू आणि खाली लिहिलेलं, 'फोटो काढून सोडून दिला.' ऐकायला बरं वाटतं. पण सोडलेला मासा पुढे जगतो का? बऱ्याचदा हे त्या फोटोवरच ठरतं.

आधी फ्लाय-फिशिंग समजून घेऊ. आपल्याकडे गळाला गांडूळ किंवा कणकेची गोळी लावतात. इथे गळावर पिसं आणि दोरा गुंडाळून खोटा किडा बनवतात, तोच 'फ्लाय'. तो इतका हलका असतो की नुसता फेकून लांब जात नाही. म्हणून दोरीच जरा वजनदार घेतात. काठी मागेपुढे झुलवून दोरी फेकायची, किडा तिच्याबरोबर जातो. ट्राउट पाण्यातले किडे खातो, त्यामुळे फसतो.

भारतात यासाठी अनेकजण हिमाचलमधल्या तीर्थन नदीवर जातात. तिथला ब्राउन ट्राउट मूळचा आपला नाही, इंग्रजांच्या काळात आणलेला. मासेमारीसाठी परवाना लागतो आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी या अंडी घालण्याच्या काळात बंदी असते.

आता मुद्द्याकडे येऊ. गळाला लागलेला मासा जीव तोडून झुंजतो. तुम्ही ४०० मीटर पळून आलात आणि लगेच कुणीतरी तुमचं नाक-तोंड दाबलं, तर? पाण्याबाहेर माशाचं तेच होतं. त्याच्या कल्ल्यांतले पातळ पापुद्रे पाण्यात सुटे तरंगतात. हवेत ते एकमेकांना चिकटतात आणि ऑक्सिजन घेणं जवळजवळ थांबतं.

१९९२ साली फर्ग्युसन आणि टफ्ट्स या संशोधकांनी रेनबो ट्राउटवर प्रयोग केला. मासे पूर्ण दमवले आणि १२ तासांनी किती जगले ते मोजलं. नुसत्या दमवलेल्यांपैकी १२ टक्के मेले. ३० सेकंद हवेत ठेवलेल्यांपैकी ३८ टक्के, आणि ६० सेकंद ठेवलेल्यांपैकी ७२ टक्के! हा प्रयोगशाळेतला आकडा आहे, नदीत दरवेळी इतके मरतील असं नाही. पण एक मिनिट म्हणजे काय? 'थांब, अजून एक काढ' एवढंच ना!

दुसरी गोष्ट, पाण्याचं तापमान. पाणी तापलं की त्यात विरघळलेला ऑक्सिजन कमी होतो, आणि माशाला मात्र तो जास्त लागतो. अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात नदीचं पाणी सलग तीन दिवस साधारण २३ अंश सेल्सियसपर्यंत तापलं, की दुपारी २ ते मध्यरात्री मासेमारी बंद ठेवता येते. सकाळी पाणी थंड असतं, तेव्हा चालतं.

मग फोटो काढायचाच नाही का? काढा की! फक्त क्रम बदला:

– गळाचा उलटा काटा आधीच पक्कडीने दाबून टाका, म्हणजे गळ पटकन निघतो.
– हात ओले करा. कोरड्या हाताने माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि त्याला संसर्ग होऊ शकतो.
– मासा रबरी जाळीत, पाण्यातच ठेवा. कॅमेरा आधी तयार ठेवा.
– उचललाच, तर दोन-तीन सेकंद. अंगावरून पाणी निथळतंय तोवर फोटो, मग लगेच खाली.
– सोडताना ढकलू नका. तोंड प्रवाहाकडे करून धरा, तो स्वतः निघून जाईल.

खरं सांगू? मला सगळ्यात आवडतात ते पाण्याखाली धरलेल्या कॅमेऱ्याने टिपलेले फोटो. हिरवट पाणी, गोटे, आणि त्यांच्यामधून निसटणारी ती ठिपकेदार पाठ. त्यात माणसाचा हात नसतो, मासा जिवंत असतो, आणि उद्या तिथे येणाऱ्यालाही तो दिसू शकतो.

ट्रेकला, धबधब्याला, कुठेही गेलात तरी हेच. प्राण्याला उचलण्याआधी मनात सेकंद मोजा. भेटू पुढच्या भागात!