जागच्या जागी तीस किलोमीटर

लाकूड कातण्याच्या लेथइतकं विचित्र वाहन शोधून सापडणार नाही. ते जागचं इंचभर हलत नाही, आणि हललंच तर काम बिघडतं. तरीही त्यावरचा प्रवासी भर रस्त्यातल्या स्कूटरच्या वेगाने धावत असतो. प्रवासी म्हणजे अर्थात लाकडाचा ठोकळा.

खोटं वाटत असेल तर हिशेब करून पाहा. भाकरी थापायची फूटभर व्यासाची काठवट लेथवर चढवली आहे आणि ती मिनिटाला ६०० फेरे घेते आहे असं धरा. तिचा घेर साधारण ९४ सेंटिमीटर. म्हणजे काठावरचा एखादा बिंदू मिनिटाला ५६५ मीटर जातो, तासाला ३४ किलोमीटर! पटाशी मात्र एका जागी टेकवलेली असते. आपण रस्त्याकडेला उभं राहावं आणि रस्ताच समोरून पळत जावा, तसं.

याहून गमतीची गोष्ट त्याच काठवटीत आहे. काठ ३४ किलोमीटरने पळत असताना निम्म्या अंतरावरचं लाकूड १७ने जातं, आणि अगदी मधला बिंदू ढिम्म उभा असतो. एकाच लाकडात, एकाच क्षणी. काठाकडून मध्याकडे हत्यार नेणारा कारागीर जणू महामार्गावरून गल्लीत आणि गल्लीतून अंगणात येतो. मध्याशी धार नीट कापत नाही, तंतू ओढले जातात, त्याचं एक कारण हे.

कातकाम करणाऱ्यांमध्ये एक ठोकताळा चालतो. व्यासाचे इंच आणि मिनिटाचे फेरे यांचा गुणाकार साधारण ६,००० ते ९,००० असावा. बारा इंची काठवटीला ५०० ते ७५० फेरे पुरतात, तर तीन इंची पाळण्याच्या खांबाला २,००० ते ३,००० लागतात. फेऱ्यांत इतकी तफावत, पण दोन्हींच्या काठाचा वेग काढला तर तो ताशी २९ ते ४३ किलोमीटर, एकच! धारेला फेरे मोजता येत नाहीत. समोरून लाकूड किती वेगाने जातंय, एवढंच तिला कळतं.

हा वेग आणायचा कसा, यात माणसाने जवळजवळ सगळ्या वाहनांच्या युक्त्या वापरून पाहिल्या आहेत.

पहिलं वाहन म्हणजे वल्ह्याची होडी. इजिप्तमध्ये तुना अल-गबल इथे पेटोसिरिस नावाच्या धर्मगुरूची कबर आहे, इसवी सनापूर्वी सुमारे ३०० मधली. तिच्या भिंतीवरच्या कोरीव चित्रात एक जण लाकडाला गुंडाळलेला पट्टा ओढतोय आणि दुसरा हत्यार धरून बसलाय. आपल्या घरची ताकाची रवी आठवा. दोरी ओढली की रवी एकीकडे फिरते, सोडली की उलटी. या लेथचंही तसंच. लाकूड धारेकडे येईल तेव्हाच कापायचं, उलटं फिरताना हत्यार किंचित मागे घ्यायचं. वल्हं पाण्यातून ओढताना होडी पुढे जाते, परत आणताना नुसता हात हलतो, तसं निम्मं काम रिकामं. इंग्लंडमधल्या चिल्टर्न टेकड्यांच्या रानात खुर्च्यांचे पाय कातणारे कारागीर विसाव्या शतकापर्यंत असाच लेथ वापरत. पायाने पट्टी दाबायची, आणि वर बांधलेली लवचीक फांदी दोरी परत खेचून घ्यायची.

मग आली सायकल. पायाखालच्या पट्टीला दांडा जोडला, दांड्याला जड चाक. पाय वर येतो तेव्हाही चाक आपल्या जोरावर फिरत राहतं आणि लाकूड एकाच दिशेने फिरतं. रिकामी खेप संपली. असा लेथ लिओनार्दो दा विंचीच्या रेखाटनांत पाचशे वर्षांपूर्वीच काढलेला आहे. शिवणाचं पायमशीन चालवलेल्या कुणालाही तो पाहताक्षणी कळेल.

विजेच्या मोटरवर दोन घराणी झाली. छोटा टेबलावरचा लेथ म्हणजे स्कूटर: पेन, भोवरे, लाटणी झटपट. पण त्यावर ओबडधोबड, एका बाजूला जड ओंडका चढवला, तर स्कूटरवर एकाच बाजूला गव्हाचं पोतं लटकवल्यासारखं सगळं थरथरायला लागतं. त्यासाठी लागतो ओतीव लोखंडाचा ट्रक. रस्त्यावरच्या वाहनाला वजन म्हणजे ओझं, इथे मात्र तोच गुण. हलका लेथ असलेले लोक खाली वाळूच्या पिशव्या ठेवतात ते याचसाठी. ट्रकचा चढाचा नियमही इथे लागू: पट्टा मोटरच्या लहान पुलीवरून वरच्या मोठ्या पुलीवर टाकला की फेरे कमी, जोर जास्त. पहिला गिअर!

आणि रुळांवरची आगगाडीही आहे. अमेरिकेत थॉमस ब्लँचर्डने १८१९ मध्ये बंदुकीचे दस्ते घडवणारा लेथ केला. त्यात एक चाकोली नमुन्याच्या दस्त्यावरून फिरे आणि कापणारं चाक तीच वळणं नव्या लाकडावर उतरवी. वाट आधीच ठरलेली, म्हणून दहावा आणि हजारावा दस्ता सारखाच. आजचा संगणकावर चालणारा लेथ याच आगगाडीचा नातू. गल्लीबोळात शिरायचं, मधेच मन बदलायचं, तर अजूनही हातात पटाशीच लागते.

गाडी घासली की आपल्याला नुकसान दिसतं, कातारी मात्र त्या घर्षणाचंही सोनं करतो. कर्नाटकातल्या चन्नपट्टणला काळ्या कुड्याची खेळणी लेथवरून उतरण्याआधीच रंगतात. फिरत्या लाकडावर रंगीत लाखेची कांडी दाबली की घासून तापते, वितळते आणि लाकडावर पसरते. वर केवड्याच्या जातीचं पान दाबून धरलं की चकाकी येते. भट्टी नाही, ब्रश नाही. उष्णता येते ती वेगातूनच.

आज स्वयंपाकघरात गेलात की लाटण्याची दोन्ही टोकं निरखून पाहा. मधोमध बारीक खळगा दिसला, तर तिथेच लेथने त्याला दोन्हीकडून धरलं होतं. तुमच्या हाती येण्याआधी ते लाटणं जागच्या जागी बरेच किलोमीटर पळून आलेलं आहे.