बारावी आणि कॉलेज यांच्या मधला उन्हाळा

सकाळी ७.३०

ऑफिसात आल्या आल्या मी एक यादी उघडते. आमच्या कॉलेजात अर्ज केला, प्रवेशाचं पत्रही मिळालं, पण अजून एकाही विषयाच्या वर्गात नाव नोंदवलेलं नाही, अशा मुलांची ही यादी. जुलै संपत आलाय आणि वर्ग ऑगस्टच्या अखेरीस सुरू होतील.

सॅन फ्रान्सिस्को उपसागराच्या पूर्वेला असलेल्या एका कम्युनिटी कॉलेजात मी काउन्सेलर आहे. कॅलिफोर्नियात अशी ११६ सरकारी कॉलेजं आहेत. इथे प्रवेशासाठी टक्केवारीची अट नसते. हायस्कूल पूर्ण केलेल्या कोणालाही दार उघडं असतं. तरीही मे महिन्यात 'मी येणार' म्हणणारी कितीतरी मुलं ऑगस्टमध्ये वर्गात दिसत नाहीत. हायस्कूल जूनच्या सुरुवातीला संपतं आणि तिथले काउन्सेलर सुटीवर जातात. आमचे प्राध्यापक अजून आलेले नसतात. मधले अडीच महिने हे मूल ना त्या शाळेचं, ना आमचं. बेंजामिन कॅसलमन आणि लिंडसे पेज या संशोधकांनी या गळतीचा अभ्यास करून २०१४ साली 'समर मेल्ट' हे पुस्तक लिहिलं. वेळेवर पाठवलेल्या साध्या मोबाइल संदेशांनीही काही ठिकाणी फरक पडतो, असं त्यांना दिसलं.

म्हणून सकाळचा पहिला तास संदेशांचा. एका संदेशात एकच काम सांगायचं, हा माझा नियम. 'पुढील सर्व बाबी पूर्ण कराव्यात' असं लिहिलं की मूल काहीच करत नाही. 'तुझं ओरिएंटेशन राहिलंय. दुपारपर्यंत मी इथेच आहे, येतोस का?' असं विचारलं की उत्तर येतं.

सकाळी ९.००

खिडकी उघडते. पहिला मुलगा आईच्या गाडीतून उतरून आलाय. 'माझी ॲडमिशन झालीय, वेळापत्रक कधी मिळेल?' असं विचारतो. त्याचा प्रश्न रास्त आहे. हायस्कूलमध्ये वेळापत्रक शाळाच हातात देत असे. इथे ते स्वतः बांधायचं असतं. आधी ओरिएंटेशन, मग काउन्सेलरबरोबर शिक्षणाचा आराखडा, मग ठरलेल्या तारखेला रजिस्ट्रेशन. पहिल्या दोन पायऱ्या ज्यांनी पूर्ण केल्या त्यांना रजिस्ट्रेशनची तारीख लवकरची मिळते. उशीर झाला की सकाळचे इंग्रजी-गणिताचे वर्ग भरून जातात. मग उरतात रात्रीचे, नाहीतर दूरच्या कॅम्पसवरचे.

मी खुर्ची त्याच्याकडे सरकवते आणि माउस त्याच्या हातात देते. मी दोन मिनिटांत करून दिलं असतं, पण जानेवारीत दुसऱ्या सेमिस्टरला हेच त्याला एकट्याने करायचंय. आई मागे उभी राहून सूचना करत असते. तिला मी बसायला खुर्ची देते आणि हळूच म्हणते, 'आज त्यालाच करू द्या.'

सकाळी १०.००

संगणक कक्षात आर्थिक मदतीचे अर्ज. केंद्र सरकारचा अर्ज म्हणजे फॅफ्सा. २०२१ च्या एका कायद्यानुसार कॅलिफोर्नियातल्या हायस्कुलांनी बारावीच्या मुलांकडून फॅफ्सा, किंवा त्यासाठी पात्र नसणाऱ्यांकडून राज्याचा ड्रीम ॲक्ट अर्ज, भरून घ्यायचा असतो. तरी कित्येक अर्ज अर्धवट राहतात. बहुतेक वेळा कारण एकच: आई किंवा वडिलांची सही राहिलेली असते. पालकांना त्यासाठी स्वतःचं वेगळं खातं उघडावं लागतं. वडील ट्रक घेऊन दुसऱ्या राज्यात आहेत, आईचा ईमेल धाकट्या भावाने उघडून दिला होता आणि त्याचा पासवर्ड कोणालाच आठवत नाही. अर्धा तास आम्ही नुसता तो ईमेलच सोडवत बसतो.

काही घरांत पालकांकडे कागदपत्रं नसतात, आणि सरकारी अर्जावर नाव लिहायची भीती वाटते. त्यांना मी काहीही दडपून सांगत नाही. कोणती माहिती कुठे जाते ते समजावते आणि निर्णय त्यांच्यावर सोडते. मात्र राज्याच्या कॉलेज प्रॉमिस ग्रँटसाठी वेगळा अर्ज करता येतो, हे आवर्जून सांगते. राज्यातल्या रहिवाशांना इथे एका युनिटला, म्हणजे अभ्यासक्रम मोजायच्या एककाला, ४६ डॉलर फी पडते. पंधरा युनिट घेतले तर एका सेमिस्टरचे ६९० डॉलर. ही ग्रँट मिळाली की ते माफ होतात. वर केंद्राची पेल ग्रँट मिळाली तर ती पुस्तकं, बसभाडं, घरभाडं यांना कामी येते. हा हिशेब कागदावर लिहून दाखवला की मुलांचे खांदे सैल झालेले दिसतात.

सकाळी ११.३०

एक मुलगी येते. तिला गणिताची धास्ती आहे. 'मला सगळ्यात खालच्या वर्गात घाला,' म्हणते. तिच्या मोठ्या बहिणीला पूर्वी प्रवेशाच्या वेळी एक चाचणी द्यावी लागली होती. त्यात ती मागे पडली, मग ज्यांचे श्रेयांक विद्यापीठात धरत नाहीत अशा वर्गांच्या साखळीत अडकली आणि शेवटी कॉलेज सुटलं. अशी घरं इथे पुष्कळ आहेत. २०१७ साली मंजूर झालेल्या एबी ७०५ या कायद्याने ही पद्धत बदलली. आता हायस्कूलच्या गुणांवरून वर्ग ठरतो, आणि मूल एका वर्षात विद्यापीठ मानेल असं इंग्रजी-गणित पूर्ण करू शकेल, हे कॉलेजने पाहायचं असतं.

मी तिचे गुण काढते. बीजगणितात 'बी' श्रेणी आहे. तिला संख्याशास्त्राचा वर्ग सुचवते आणि त्याला जोडून आठवड्याला मदतीचे तास असलेली तुकडी निवडते. ती पुन्हा विचारते, 'नाही जमलं तर?' शिकवणीचं केंद्र वाचनालयाच्या कोणत्या बाजूला आहे ते मी तिच्याबरोबर चालत जाऊन दाखवते. ज्या मुलाने जागा पाहिलेली असते तेच अडचणीत तिकडे वळतं.

दुपारी १२.४५

डबा उघडते तेवढ्यात एका मराठी आईचा फोन येतो. 'ताई, याला बर्कलीला नाही मिळालं. गणपतीला सगळे भेटतील, विचारतील कुठे जातोय. काय सांगू?'

हा प्रश्न मी हलका मानत नाही. पुण्या-नाशकातून इथे आलेल्या घरांत मुलाचं कॉलेज म्हणजे आईबापांच्या सगळ्या कष्टांचं प्रमाणपत्र होऊन बसतं. मी त्यांना १९६० च्या मास्टर प्लॅनबद्दल सांगते. वरच्या आठव्या हिश्श्यातल्या मुलांना युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया, वरच्या तिसऱ्या हिश्श्यातल्यांना राज्य विद्यापीठ, आणि बाकी सर्वांसाठी कम्युनिटी कॉलेज, अशी रचना तेव्हा ठरली. पण त्याच योजनेत इथून तिसऱ्या वर्षाला विद्यापीठात जाण्याची वाटही आखून दिलेली होती. बर्कलीसुद्धा दरवर्षी अशी मुलं घेतं. त्याच युनिव्हर्सिटीचे डेव्हिस, अर्वाइन, सांताक्रूझ धरून सहा कॅम्पस तर ठरावीक विषय आणि गुण पूर्ण केले की काही शाखांमध्ये प्रवेशाची लेखी हमी देतात. कोणता विषय कुठे चालतो ते असिस्ट या संकेतस्थळावर पाहता येतं. पदवी मिळते ती त्या विद्यापीठाचीच.

मग त्या विचारतात, 'त्याचे मार्क मला कळवत जाल ना?' ते मला करता येत नाही. १९७४ च्या फेर्पा कायद्यानुसार मूल कॉलेजात गेलं की त्याच्या शैक्षणिक नोंदींवरचा हक्क त्याचा होतो, मग वय सतराच का असेना. 'त्यालाच विचारा,' मी सांगते, 'आणि विचारताना आधी मार्क नको, वर्गात काय चाललंय ते विचारा.'

दुपारी २.००

एका मुलाला वाचायला वेळ लागतो. हायस्कूलमध्ये त्याच्यासाठी शाळेने वैयक्तिक आराखडा बनवला होता, बैठका शाळाच बोलावत असे. तो आराखडा इथे आपोआप लागू होत नाही. कॉलेजला वेगळा कायदा लागू होतो. सोयी मिळतात, पण मागाव्या लागतात. त्याने स्वतः अपंग विद्यार्थी सेवा केंद्रात जाऊन कागद द्यायचे आणि दर सेमिस्टरला प्राध्यापकांना पत्र पोचवायचं. हे कळायला पुष्कळ मुलांना पहिली परीक्षा उजाडावी लागते. आज हा जुलैतच आलाय, त्यामुळे जादा वेळ आणि ध्वनिपुस्तकं पहिल्या दिवसापासून मिळतील. केंद्रातल्या सहकाऱ्याला फोन करून मी सांगते, 'हा आत्ता निघालाय.' तो पोचल्याचा निरोप आल्यावरच पुढच्या मुलाला बोलावते.

दुपारी ३.००

नव्या मुलांची कार्यशाळा. भिंतीवर मी फक्त तासांचा हिशेब लिहिते. एका युनिटसाठी आठवड्याला साधारण एक तास वर्गात आणि दोन तास घरी. बारा युनिट म्हणजे पूर्णवेळ, म्हणजे आठवड्याचे छत्तीस तास. दोन वर्षांत साठ युनिट व्हायचे तर सेमिस्टरला पंधरा लागतात. मग प्रत्येकाने नोकरीचे, भावंडं सांभाळायचे आणि प्रवासाचे तास त्याच कागदावर मांडायचे. गोदामात तीस तास काम करणारा एक मुलगा आकडे पाहून गप्प होतो. त्याला मी नोकरी सोड म्हणत नाही. त्याच्या कमाईवर घर चालतं. आम्ही तीन विषय निवडतो, एक उन्हाळ्यात टाकतो आणि वाट अडीच वर्षांची करतो. ठरवून घेतलेला जास्त वेळ हा मागे पडणं नव्हे, हे त्याने घरीही सांगावं म्हणून नवा आराखडा छापून देते.

शेवटचा अर्धा तास सरावाचा. प्रत्येकाने माझ्यासमोर प्राध्यापकाला प्रश्न विचारून पाहायचा. नाव सांगायचं, वर्ग सांगायचा, काय कळलं नाही ते सांगायचं. सुरुवातीला आवाज निघत नाही. दुसऱ्या फेरीत निघतो. ज्यांच्या घरात आधी कोणी कॉलेज पाहिलेलं नाही, त्यांना प्राध्यापकांच्या भेटीच्या वेळा म्हणजे चूक झाल्यावर बोलावणं वाटतं. ती वेळ त्यांच्यासाठीच राखलेली आहे, हे नुसतं सांगून पटत नाही.

संध्याकाळी ५.३०

आता कामावरून सुटलेल्यांचे फोन. दिवसभर उत्तर न देणारी मुलं याच वेळी सापडतात. एकीने नाव नोंदवलंय, पण फीची तारीख पाहिलेली नाही. काही कॉलेजांत फी थकली की वर्गातून नाव निघतं. ग्रँटचा अर्ज आम्ही फोनवरच पूर्ण करतो. एकजण म्हणतो, 'वर्षभर थांबतो.' मी त्याला अडवत नाही, पण कारण विचारते. बस नाही, असं कळतं. विद्यार्थ्यांच्या बसपासची माहिती पाठवते आणि उद्या पुन्हा फोन करायची नोंद करते.

संध्याकाळी ७.००

यादी पुन्हा तपासते. ज्यांचं काम झालं त्यांची नावं काढत नाही, सप्टेंबरच्या यादीत हलवते. सेमिस्टरच्या साधारण तिसऱ्या आठवड्यात कॉलेज पटसंख्या मोजतं, आणि तोवर विषय सोडला तर गुणपत्रिकेवर त्याची खूण राहत नाही. म्हणून मुलं तेव्हाच मुकाट्याने निघून जातात. त्या आठवड्यात कोणीतरी नाव घेऊन 'कसं चाललंय?' असं विचारणं तेवढंच गरजेचं आहे.

इथलं दार सर्वांसाठी उघडं ठेवण्याचा निर्णय या राज्याने मोठ्या मनाने घेतला. पण नुसत्या उघड्या दारातून सतरा-अठरा वर्षांचं मूल आपणहून आत येईल असं धरून चालणं, हा त्या निर्णयाचा अर्धाच भाग झाला. उरलेला अर्धा माणसांनी करायचा असतो: हायस्कूलच्या शिक्षकाने, घरातल्या मावशीने, आधी इथून शिकून गेलेल्या शेजाऱ्याने. तुमच्या ओळखीत असं एखादं मूल असेल तर त्याला कुठे प्रवेश मिळाला हे विचारून थांबू नका. वर्गात नाव नोंदवलं का, हेही विचारा, आणि नसेल नोंदवलं तर त्याच्याबरोबर या.