पॅकिंग की सिलिकॉन?

सकाळी पार्किंगच्या फरशीवर रुपयाएवढा काळा डाग दिसला की गाडीमालकाच्या पोटात गोळा येतो. गॅरेजमध्ये मेकॅनिक गाडीखाली सरपटत जातो, चेंबरच्या, म्हणजे इंजिनाच्या तळाला बसवलेल्या तेलाच्या भांड्याच्या, कडेवरून बोट फिरवतो आणि निदान सांगतो, ‘‘पॅकिंग गेलंय.’’ इथपर्यंत सगळी गॅरेजं सारखी. पुढचं वाक्य मात्र बदलतं. एक म्हणतो, ‘‘नवं पॅकिंग टाकून देतो.’’ दुसरा म्हणतो, ‘‘पॅकिंग कशाला साहेब, सिलिकॉन मारतो. परत गळायचं नाव नाही.’’

मालकाला दोन्ही सारखंच वाटतं, कारण त्याला गळती थांबल्याशी मतलब. इंजिन बनवणाऱ्याला ते सारखं वाटत नाही. पॅकिंगला, म्हणजे गॅस्केटला, मोजून ठरवलेली जाडी असते. ट्यूबमधून येणाऱ्या सीलंटला ती नसते. कुठे काय वापरायचं, याची बहुतेक उत्तरं या एका फरकातून निघतात.

मुळात मध्ये काही घालावं तरी का लागतं? चेंबरची कड सपाट, वरच्या ब्लॉकची कडही सपाट, दोन्ही बोल्टांनी आवळलेल्या. पण ही सपाटी डोळ्यांपुरतीच असते. मशीनवर कितीही गुळगुळीत केलेल्या धातूवर सूक्ष्मदर्शकाखाली डोंगर आणि दऱ्या दिसतात. दोन पृष्ठभाग एकमेकांवर ठेवले तर फक्त काही शिखरं शिखरांना टेकतात. केंब्रिजचे बाउडन आणि टेबर यांनी घर्षणाचा अभ्यास करताना दाखवून दिलं, की खराखुरा स्पर्श हा दिसणाऱ्या क्षेत्रफळाचा अगदी नगण्य हिस्सा असतो. उरलेल्या दऱ्या एकमेकींना जोडलेल्या असतात, आणि तेलाला तेवढी वाट पुरते.

या वाटेचं गणित मोठं गमतीचं आहे. अरुंद फटीतून वाहणारा द्रव फटीच्या रुंदीच्या घनाच्या प्रमाणात वाहतो. फट निम्मी केली तर गळती निम्मी होत नाही, एक अष्टमांश होते. उलट बोल्ट सैल पडून फट दुप्पट झाली तर गळती आठपट. त्यात तेल तापलं की पातळ होतं. नेहमीच्या ५डब्ल्यू-३० तेलाची चिकटी ४० अंशांवर असते त्याच्या साधारण एक षष्ठांश १०० अंशांवर उरते. म्हणून गॅरेजमध्ये थंड उभी असलेली गाडी शहाण्यासारखी वागते आणि घाट चढून आली की ठिबकू लागते.

या दऱ्या बुजवायला दोन धातूंपेक्षा मऊ असं काहीतरी मध्ये दाबून बसवायचं, ही पॅकिंगची कल्पना. कागद, चामडं, रबर, तांबं, ॲस्बेस्टॉस, बरंच काही वापरून झालं. त्यात बुचाचं पॅकिंग खास. जुन्या गाड्यांच्या टॅपेट कव्हरखाली, म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणाखाली, ते हमखास सापडायचं. बूच म्हणजे भूमध्य सागराच्या आसपास वाढणाऱ्या एका ओक वृक्षाची साल. हवेने भरलेल्या तिच्या इवल्या पेशी वरून दाबल्या तर दबतात, पण बाजूला जवळजवळ फुगत नाहीत. रबराचं उलटं. रबराचं आकारमान दाबून कमी होत नाही. वरून दाबलं की ते बाजूला पळतं. आजच्या टॅपेट कव्हरचं रबरी पॅकिंग खाचेत बसवलेलं असतं आणि खाचेत थोडी मोकळी जागा मुद्दाम ठेवलेली असते, ती त्याला पळायला. त्या खाचेत वरून सिलिकॉन भरणारा मेकॅनिक ती जागाच बुजवून टाकतो. शिवाय ओलं सिलिकॉन निसरडं असतं. आवळताना रबर सुळकन बाहेर येतं आणि ‘डबल सेफ्टी’ केलेलं कव्हर पहिल्यापेक्षा जास्त गळतं.

जाडीला सगळ्यात जास्त महत्त्व कुठे असेल तर हेड गॅस्केटमध्ये. सिलिंडर ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधला हा पातळ पत्रा. याच्या एका भोकातून जळत्या वायूचा स्फोटक दाब, शेजारच्या भोकातून कूलंट, तिसऱ्यातून तेल, आणि तिघांनी एकमेकांना भेटायचं नाही. डिझेल इंजिनात ज्वलनाच्या क्षणी दाब वातावरणाच्या दीडशेपट किंवा त्याहूनही वर जातो. ८० मिलिमीटर व्यासाचं सिलिंडर धरलं तर हेडला वर ढकलणारं बल होतं साडेसात टनांच्या आसपास. दर मिनिटाला हजारो वेळा बसणाऱ्या या धक्क्याखाली हेड किंचित उचललं जातं आणि पुन्हा बसतं.

दुसरा जाच तापमानाचा. हेड ॲल्युमिनियमचं आणि ब्लॉक बिडाचा असेल, तर तापल्यावर ॲल्युमिनियम जवळपास दुप्पट प्रसरण पावतं. ४०० मिलिमीटर लांबीचं हेड २० अंशांवरून १०० अंशांवर गेलं तर मोकळेपणी ते ब्लॉकपेक्षा सुमारे ०.३७ मिलिमीटर जास्त लांबेल. बोल्ट त्याला तेवढं सरकू देत नाहीत, पण जे थोडंफार सरकणं होतं ते गॅस्केटच्या अंगावरून होतं. म्हणून आजची हेड गॅस्केट स्प्रिंगच्या पोलादाच्या तीन-चार पातळ पत्र्यांची बनवतात. सिलिंडरच्या भोकांभोवती त्यांना नक्षीसारखी उठावाची कडी असते. ही कडी दबते आणि स्प्रिंगसारखी परत उठते. हेड केसभर उचललं तरी तिचा स्पर्श सुटत नाही. ट्यूबमधल्या कुठल्याही लुकणाला हे जमणार नाही.

आणि जाडी? फोक्सवॅगनच्या १.९ लिटर टीडीआय डिझेल इंजिनाचं हेड गॅस्केट तीन जाड्यांत मिळतं, ओळखण्यासाठी कडेला एक, दोन किंवा तीन भोकं. इंजिन बांधताना पिस्टन पूर्ण वर आणायचा आणि तो ब्लॉकच्या पातळीपेक्षा किती वर डोकावतो ते डायल गेजने मोजायचं. ०.९१ ते १.०० मिलिमीटर असेल तर एक भोकवालं, १.१० पर्यंत दोन, १.२० पर्यंत तीन. इथे मिलिमीटरच्या दहाव्या भागावर हुज्जत घालण्याला कारण आहे. ८० मिलिमीटर व्यास, तेवढाच स्ट्रोक आणि १८ कॉम्प्रेशन रेशो, म्हणजे हवा अठरापट लहान जागेत दाबणाऱ्या सिलिंडरात गॅस्केट ०.१ मिलिमीटर जाड पडलं तर रेशो १७.६५ वर उतरतो. पातळ पडलं तर पिस्टन आणि हेड यांच्यातलं अंतर धोक्याच्या जवळ येतं. अशा ठिकाणी ‘थोडं सिलिकॉनही लावू’ म्हणणाऱ्याच्या हातातून पाना काढून घेतलेला बरा.

आता बरोबर उलटं टोक. इंजिनाची पेटी, म्हणजे क्रँककेस, काही इंजिनांत दोन अर्ध्या भागांची असते आणि क्रँकशाफ्टची बेअरिंगं त्या दोघांच्या सांध्यावरच बसतात. फोक्सवॅगन बीटलचं इंजिन असं होतं. होंडाने १९६९ मध्ये आणलेल्या सीबी ७५० मोटरसायकलचं क्रँककेसही आडवं दुभंगलेलं. कारखान्यात दोन्ही अर्धे आधी बोल्टांनी आवळतात आणि मग बेअरिंगची भोकं एकदम आरपार कोरतात. त्या भोकात शाफ्टभोवती तेलासाठी जेमतेम ०.०२५ ते ०.०५ मिलिमीटर जागा सोडलेली असते. अशा सांध्यात ०.३ मिलिमीटरचं कागदी पॅकिंग घातलं तर काय होईल? भोक गोल राहणार नाही, आणि बेअरिंगच्या मोकळीकीचा हिशेब कितीतरी पटींनी चुकेल. इथे जाडी शून्यच हवी. धातूला धातू भिडला पाहिजे आणि उरलेल्या सूक्ष्म दऱ्या तेवढ्या भरल्या पाहिजेत. हे काम द्रवाचं.

पूर्वी त्यासाठी शेलॅक लावत. ‘शेलॅक’ हा शब्द इंग्रजी वाटतो, पण ही आपली लाख. पळस, कुसुम, बोर यांच्या फांद्यांवर बारीक किडे तयार करतात ती. अल्कोहोलात विरघळवून ब्रशने लावायची. तिच्या अभ्यासासाठी रांचीजवळ नामकुमला १९२४ पासून संशोधन संस्था आहे. लाखेची खोड एकच, वाळली की ठिसूळ.

मग आलं एक अजब रसायन. अमेरिकेतल्या हार्टफर्डच्या ट्रिनिटी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणाऱ्या व्हर्नन क्रीबल यांनी १९५३ मध्ये असा द्रव तयार केला, जो हवेत द्रवच राहतो आणि हवा तोडली की घट्ट होतो. जनरल इलेक्ट्रिकच्या संशोधकांना असं रसायन आधी सापडलं होतं, पण ते द्रव ठेवायला त्यातून सतत हवेचे बुडबुडे सोडावे लागत. क्रीबल यांनी ती कटकट मिटवली. पुढे ‘लॉकटाइट’ नावाने जगभर पसरलेला धंदा यातून उभा राहिला. रसायन असं, की रेणूंची साखळी वाढू लागली की हवेतला ऑक्सिजन तिचं टोक धरून तिला अडवतो. दोन धातूंच्या मध्ये ऑक्सिजन संपतो, लोखंडाचे किंवा तांब्याचे आयन साखळीला चालना देतात आणि द्रवाचं प्लॅस्टिक होतं. या सीलंटची नवी बाटली उघडली तर ती निम्मीच भरलेली दिसते. दुकानदाराशी भांडायचं कारण नाही. वरची हवा हाच त्या मालाचा प्राण आहे. बाटलीचं प्लॅस्टिकही ऑक्सिजन आत झिरपू देणारं निवडलेलं असतं.

या गुणाचा एक फायदा सहज लक्षात येत नाही. आवळताना सांध्यातून आत पिळून निघालेलं ज्यादा सीलंट हवेत उघडं राहतं, म्हणून घट्टच होत नाही. तेलात मिसळून निघून जातं.

सिलिकॉनचं तसं नाही. ट्यूबमधलं आरटीव्ही सिलिकॉन हवेतल्या बाष्पाशी रासायनिक क्रिया करून रबर बनतं. बाहेर सांडलेलं तर आधी बनतं. पातळ पत्र्याचं चेंबर, किंचित वाकलेली कव्हरं, काही मिलिमीटरपर्यंतची वेडीवाकडी फट, इथे त्याला तोड नाही. सिलिकॉन-ऑक्सिजनच्या साखळीमुळे ते दोनशे अंशांच्या वरचं तापमान सोसतं आणि लवचीक राहतं. टोयोटा तर अनेक इंजिनांच्या चेंबरला गॅस्केट देतच नाही. कारखान्यातूनच द्रवाची सलग रेघ ओढून येते, आणि त्यांच्या पुस्तिकांत तिचं नाव आहे ‘सील पॅकिंग’. आपल्या मेकॅनिकांनी इंग्रजांच्या काळापासून सांभाळलेला शब्द जपान्यांनीही सोडलेला नाही! त्याच पुस्तिका बजावतात, की रेघ ओढल्यावर तीन मिनिटांत चेंबर बसवा. उशीर झाला तर वर साय धरते आणि मग ते धातूला चिकटत नाही.

बाष्पावर चालणारं काम म्हटल्यावर हवामान आलंच. मे महिन्यात अकोल्याच्या कोरड्या हवेत हेच सिलिकॉन जुलैतल्या रत्नागिरीपेक्षा सावकाश आतपर्यंत पिकतं. साधारणपणे २४ तासांत दोन-तीन मिलिमीटर, हा ठोकताळा. ‘संध्याकाळी गाडी हवी’ म्हणणारं गिऱ्हाईक आणि हा ठोकताळा यांचं जमत नाही. पेट्रोल लागेल तिथे ते वापरू नये, फुगतं. व्हिनेगरसारखा वास येणारं स्वस्त सिलिकॉन ॲसेटिक ॲसिड सोडतं आणि धातूला गंज चढवतं. काही प्रकारांची वाफ इंजिनातून एक्झॉस्टपर्यंत जाऊन ऑक्सिजन सेन्सरवर वाळूचा, म्हणजे सिलिकाचा, पांढरा थर देते. ट्यूबवर ‘सेन्सर सेफ’ लिहिलेलं असतं ते याचसाठी.

पण सगळ्यात महागात पडतं ते लावणाऱ्याचं औदार्य. कडेवर बोटभर जाड रेघ ओढली की आवळताना निम्मं सिलिकॉन बाहेर येतं, ते दिसतं आणि कापता येतं. तेवढंच आतही जातं, ते दिसत नाही. आत ते शेवयांसारखं लोंबतं, गरम तेलाने सुटतं आणि चेंबरच्या तळाशी तेल ओढणाऱ्या जाळीवर जाऊन बसतं. जाळी तुंबली की तेलाचा दाब उतरतो, डॅशबोर्डवर लाल दिवा लागतो, आणि ज्याने गळती थांबवली त्याच्याच हातून बेअरिंगं जळतात. दोन-तीन मिलिमीटरची सलग रेघ, बोल्टच्या भोकाच्या आतल्या अंगाने, एवढीच पुरते.

कधी दोन्ही एकदम लागतात, पण तेही मोजून. ब्लॉक, हेड आणि टायमिंग कव्हर असे तीन भाग जिथे मिळतात, त्या कोपऱ्यात एक बारीक पायरी राहून जाते. पॅकिंग पायरी चढू शकत नाही. तिथे हरभऱ्याएवढं सिलिकॉन लावून वर पॅकिंग बसवायचं, आणि बाकीच्या कडेवर मुळीच नाही.

यातलं काहीच नीट बसत नाही, जर जुनं पॅकिंग खरवडताना घिसाडघाई झाली तर. पटाशीचा एक ओरखडा ॲल्युमिनियमवर पडला की तेलाला सरळ रस्ता मिळतो. ड्रिलला खरखरीत चकती लावून घासणं त्याहून वाईट. चकतीतून उडणारी ॲल्युमिनियम ऑक्साइडची पूड इंजिनात शिरून बेअरिंग खाते, असा इशारा जनरल मोटर्सने आपल्या वर्कशॉपना देऊन ठेवला होता. प्लॅस्टिकची पट्टी, सॉल्व्हंट आणि कोरडं फडकं, यांना वेळ जास्त लागतो.

काम संपल्यावर सिलिकॉनच्या अर्धवट ट्यूबच्या तोंडात मेकॅनिक एक स्क्रू खुपसून ठेवतो. आठवड्याने तो फिरवून ओढला की त्याला चिकटून रबराचा एक बोळा बाहेर येतो, ट्यूबच्या तोंडाच्या नेमक्या मापाचा. त्याच्यामागचं सिलिकॉन अजून मऊ असतं.