रामन वर्णपट काय सांगतो आणि काय सांगत नाही

कालवाचा शिंपला आणि मोती या दोन्हींवर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकला, तर दोन्ही फसफसतील. दोन्ही मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचे बनलेले असतात, त्यामुळे कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे येणारच. रासायनिक सूत्र एकच, पण अणूंची मांडणी वेगळी. कालवाच्या शिंपल्यात मुख्यतः कॅल्साइट हे खनिज असते, तर मोत्यात अ‍ॅरॅगोनाइट. आम्लाला हा फरक कळत नाही. शिवाय मोत्यावर आम्ल टाकायला त्याचा मालक परवानगीही देणार नाही. प्रकाशाच्या साहाय्याने मात्र मोत्याला ओरखडाही न पाडता हा फरक ओळखता येतो. तो कसा, हे आपण पाहू.

रंग का बदलतो?

पदार्थावर एकाच रंगाचा प्रकाश टाकला, की विखुरलेला बहुतेक सर्व प्रकाश त्याच रंगाचा असतो. परंतु त्यातील अगदी थोडे फोटॉन, सुमारे एक कोटीत एखादा, वेगळ्या रंगाचे होऊन बाहेर पडतात. कोलकात्याच्या 'इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स' या संस्थेत चंद्रशेखर वेंकट रामन आणि के. एस. कृष्णन यांनी १९२८ च्या फेब्रुवारीत हे दाखवून दिले. २८ फेब्रुवारीचा राष्ट्रीय विज्ञान दिन याच शोधाच्या स्मरणार्थ असतो.

पदार्थातील अणू स्प्रिंगांनी जोडल्यासारखे सतत कंप पावत असतात. फोटॉन आपली थोडी ऊर्जा या कंपनाला देतो. त्याची ऊर्जा कमी होते, म्हणजेच तरंगलांबी वाढते. किती ऊर्जा जाईल हे अणूंचे वस्तुमान, बंधांची ताकद आणि अणूंची मांडणी यांवर ठरते. त्यामुळे प्रत्येक पदार्थाची ऊर्जाकपात ठरावीक असते.

हा हिशेब फळ्यावर करता येतो. ५३२ नॅनोमीटरच्या हिरव्या लेसरचे एका सेंटीमीटरमध्ये सुमारे १८,७९७ तरंग बसतात. या संख्येला तरंगसंख्या म्हणतात. कॅल्साइटमधील कार्बोनेट गटाचे मुख्य कंपन त्यातून १०८६ कमी करते. उरतात १७,७११, म्हणजे तरंगलांबी सुमारे ५६५ नॅनोमीटर. या कपातीचा आलेख काढला की १०८६ पाशी उंच शिखर दिसते.

हे शिखर अ‍ॅरॅगोनाइटमध्येही जवळजवळ तेथेच असते. पण कॅल्साइटची लहान शिखरे २८२ व ७१२ पाशी, तर अ‍ॅरॅगोनाइटची २०६ व ७०५ पाशी दिसतात. वर्गातला खडू जिप्समचा असेल, तर १०८६ ऐवजी १००८ पाशी सल्फेटचे शिखर येते. गाजरातील कॅरोटीन ११५७ व १५२० च्या आसपास शिखरे देते.

अडचणीही आहेत. अनेक जैविक पदार्थ लेसर पडताच स्वतःच चमकू लागतात आणि त्या झगमगाटात रामन प्रकाश बुडून जातो. अशा वेळी आम्ही ७८५ किंवा १०६४ नॅनोमीटरचा अवरक्त लेसर वापरतो.

एका वादाचा धडा

पश्चिम ऑस्ट्रेलियातील एपेक्स चर्ट हा खडक सुमारे साडेतीन अब्ज वर्षांचा आहे. त्यातील सूक्ष्म धागे म्हणजे जिवाणूंचे जीवाश्म होत, असे विल्यम शॉफ यांनी १९९३ मध्ये मांडले. २००२ मध्ये मार्टिन ब्रेझियर आणि सहकाऱ्यांनी त्यावर आक्षेप घेतला. त्याच वेळी शॉफ यांनी रामन वर्णपटाच्या आधारे हे धागे सेंद्रिय कार्बनचे असल्याचे दाखवले. अशा कार्बनची रुंद शिखरे १३५० व १६०० च्या सुमारास येतात. पण जिल पास्टेरिस आणि ब्रिजिट वोपेन्का यांनी लगेच निदर्शनास आणले, की जीवसृष्टीशी संबंध नसलेला अव्यवस्थित कार्बनही तशीच शिखरे देतो. २०११ मध्ये आणखी एका अभ्यासात तेथील काही धाग्यांसारख्या रचना हेमॅटाइट व क्वार्ट्‌झ भरलेल्या भेगा निघाल्या.

हेमॅटाइटचे एक शिखर १३२० च्या जवळ असते आणि कार्बनच्या १३५० च्या शिखराशी त्याची गल्लत होऊ शकते. २२५ व २९२ ची शिखरेही तपासली तरच खरी ओळख पटते. म्हणून आम्ही एकाच शिखरावर कधी विसंबत नाही.

आता हा प्रश्न मंगळावरही उभा आहे. २०२१ मध्ये तेथे उतरलेल्या 'पर्सिव्हिअरन्स' गाडीवर सुपरकॅम आणि शेरलॉक ही दोन रामन उपकरणे आहेत. 'चेयावा फॉल्स' असे नाव दिलेल्या खडकात शेरलॉकला सेंद्रिय कार्बनची खूण मिळाली. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधात शास्त्रज्ञांनी या खडकातील खुणांना 'संभाव्य' जीवखूण एवढेच म्हटले. हा शब्द त्यांनी विचारपूर्वक निवडला आहे. रामन वर्णपट पदार्थ कोणता हे सांगतो. तो कोणी किंवा कशाने घडवला हे सांगत नाही. त्यासाठी खडकाची जडणघडण, समस्थानिकांचे प्रमाण असे इतर पुरावे गोळा करावे लागतात. उपकरणाने दिलेले उत्तर नेमक्या कोणत्या प्रश्नाचे आहे, हे विचारण्याची सवय विद्यार्थ्यांना शाळेतच लागायला हवी.