दोन सिलेंडर, पण ठोके असमान! फ्युएल इंजेक्शन बसवण्याआधी ७२० अंशांचं हे गणित समजून घ्या

मंडळी, रॉयल एनफिल्डची इंटरसेप्टर ६५० शेजारून गेली की आवाजावरून लगेच ओळखू येते. इंजिन दोन सिलेंडरचं, पण ठोके घड्याळासारखे सारख्या अंतराने पडत नाहीत. दोन ठोके जवळजवळ, मग जराशी उसंत, पुन्हा दोन ठोके.

कानाला ही मजा वाटते. पण कुणी गाडीचा कार्ब्युरेटर काढून फ्युएल इंजेक्शन बसवत असेल किंवा सेटिंग बदलता येणारा वेगळा ईसीयू लावत असेल, तर हेच अंतर त्याला अंशांमध्ये माहीत असावं लागतं. ते चुकलं तर पैसे जातातच, वर इंजिनालाही इजा होऊ शकते.

७२० अंश आले कुठून?

फोर-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक सिलेंडर चार कामं करतो: हवा-पेट्रोल आत घेणे, दाबणे, पेटवणे आणि धूर बाहेर टाकणे. यासाठी क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्या लागतात, म्हणजे ३६० गुणिले २ = ७२० अंश. या ७२० अंशांत प्रत्येक सिलेंडर एकदाच पेटतो. एका सिलेंडरच्या पेटण्यापासून पुढच्या सिलेंडरच्या पेटण्यापर्यंतचं अंतर म्हणजे 'फायरिंग इंटर्व्हल'.

दोन सिलेंडर असले तरी हे अंतर गाडीनुसार बदलतं:

- जुन्या ब्रिटिश ट्विन (३६० अंशांचा क्रँक): ३६० - ३६०
- कावासाकी निंजा ३०० (१८० अंशांचा क्रँक): १८० - ५४०
- इंटरसेप्टर ६५० (२७० अंशांचा क्रँक): २७० - ४५०
- हार्लेचं ४५ अंशांचं व्ही-ट्विन: ३१५ - ४०५

प्रत्येक जोडीची बेरीज ७२० च येते. फरक आहे तो वाटणीत.

ईसीयू कसा फसतो?

काही साध्या जोडण्यांमध्ये ईसीयू इग्निशनच्या दोन पल्समधला वेळ मोजून आरपीएम काढतो. समजा, २७० - ४५० चं इंजिन १००० आरपीएमवर फिरतंय. एका फेरीला लागतात ६० मिलिसेकंद. मग पहिलं अंतर ४५ मिलिसेकंदांचं आणि दुसरं ७५ चं.

आता ईसीयूला तुम्ही "ठोके सारख्या अंतराने पडतात" असं सांगितलंत, तर तो प्रत्येक अंतर ३६० अंशांचंच धरणार. त्याचं उत्तर येईल एकदा १३३३ आणि एकदा ८०० आरपीएम! इंजिन एकाच वेगाने फिरतंय, पण ईसीयूच्या दृष्टीने ते सारखं हेलकावे खातंय. पेट्रोल किती द्यायचं आणि स्पार्क कधी टाकायचा हे आरपीएमवरूनच ठरत असल्यामुळे दोन्ही बिघडतात. आयडलिंग खालीवर होतं, गाडी अडखळते, सायलेन्सरमधून फटाके वाजतात.

मग उपाय काय?

क्रँकवर दातेरी चक्र आणि सेन्सर. ३६ दात्यांच्या जागा आणि त्यातला एक दात गायब, ही नेहमीची रचना. दर १० अंशांना खूण मिळते, त्यामुळे आरपीएम मोजताना असमान ठोक्यांचा त्रास होत नाही. गायब दातामुळे क्रँक नेमका कुठे आहे तेही कळतं.

पण दुसरा सिलेंडर पहिल्यानंतर किती अंशांनी पेटतो, हे ईसीयूला सांगावंच लागतं. इंजेक्टर थोडा मागेपुढे उघडला तर इंजिन बरंचसं सांभाळून घेतं, कारण बहुतेक गाड्यांत पेट्रोल इनटेक व्हॉल्व्हच्या मागे थांबू शकतं. स्पार्कला मात्र माफी नाही. २७० च्या जागी ३६० भरलं, तर दुसऱ्या सिलेंडरचा स्पार्क ९० अंश उशिरा पडेल. कोणता सिलेंडर आधी हे उलटं धरून ४५० भरलं, तर चूक थेट १८० अंशांची!

आणखी एक गोष्ट. पिस्टन वर आलाय तो हवा दाबायला की धूर बाहेर टाकायला, हे क्रँकच्या चक्राला कळत नाही. त्यासाठी कॅमचा सेन्सर लागतो. तो नसेल तर प्रत्येक फेरीत स्पार्क टाकतात, त्यातला एक वाया जातो. ३६० अंशांच्या क्रँकमध्ये दोन्ही पिस्टन एकत्र वर येतात, म्हणून एकाच कॉइलवर भागतं. २७० मध्ये तसं होत नाही, तिथे स्वतंत्र कॉइल हव्यात.

गाडी सुरू करण्याआधी

सिलेंडरची संख्या, पेटण्याचा क्रम आणि अंतर सर्व्हिस मॅन्युअलमधून घ्या, आवाजावरून अंदाज बांधू नका. मग इंजेक्टरची जोडणी काढून नुसता स्टार्टर फिरवा आणि टायमिंग लाईटने दोन्ही सिलेंडरचा स्पार्क तपासा. फक्त पहिला तपासून थांबू नका, कारण अंतराची चूक सापडते ती दुसऱ्यात.

तर मंडळी, तुमच्या गाडीचे ठोके किती अंशांचे? कमेंटमध्ये सांगा आणि गाडीवेड्या मित्रापर्यंत हा लेख नक्की पोहोचवा!