पुठ्ठ्याचे तळवे

आठवड्याला पाच डॉलर. स्वस्त वस्तूंच्या दुकानात दिवसभर उभं राहून ईव्हा मायर एवढं कमावते आणि सगळं आईच्या हातावर ठेवते. घरात तीन धाकट्या बहिणी. बाप पुस्तक घेऊन लोळत पडलेला. ईव्हाच्या बुटांचे तळ गेले आहेत. नवे बूट पुढच्या पगाराला नक्की, असं ठरतं. पुढच्या पगाराला भाडं नाहीतर वाण्याची उधारी आडवी येते.

लोइस वेबर यांचा १९१६ मधला ‘शूज’ हा अमेरिकन मूकपट एवढ्याशा हिशेबावर उभा आहे. वेबर तरुणपणी चौकाचौकांत भजनं गात धर्मप्रचार करत. उपदेशाची ती खोड त्यांच्या चित्रपटांतही डोकावते. इथंही झोपलेल्या ईव्हावर ‘गरिबी’ असं लिहिलेला राक्षसी पंजा झेपावतो. पण चित्रपट लक्षात राहतो तो कॅमेरा पायांशी वाकतो तेव्हा. ईव्हा कात्रीनं पुठ्ठ्याचे तळवे कापून बुटात सरकवते. पाऊस येतो आणि पुठ्ठ्याचा लगदा होतो. शेवटी तडकलेल्या आरशासमोर नटून ती एका कॅबरे गायकाकडे जाते. नवे बूट घालून घरी परतते, तर बापाला नोकरी लागलेली असते.

त्या काळी वेबर युनिव्हर्सलच्या सर्वाधिक मानधन घेणाऱ्या दिग्दर्शकांत होत्या. १९१७ मध्ये त्यांनी स्वतःची निर्मितीसंस्था काढली. १९२१ च्या ‘द ब्लॉट’मध्ये पुन्हा तोच विषय आला: प्राध्यापकाच्या घरी खायची भ्रांत, शेजारचा बूट बनवणारा मात्र सुखवस्तू. पुढे मोठ्या स्टुडिओंनी बाजार ताब्यात घेतला, तशी त्यांची कामं आटली. १९३४ मध्ये शेवटचा चित्रपट, १९३९ मध्ये हलाखीत मृत्यू. ‘शूज’ अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदणीत गेला तो थेट २०१४ मध्ये.

मधल्या काळात युनिव्हर्सलनंच एक उद्योग केला होता. १९३२ मध्ये ‘शूज’ची काटछाट करून त्यावर खिल्ली उडवणारं निवेदन चढवलं आणि त्याचा छोटा विनोदी बोलपट विकला. जुन्या मूकपटातली रडारड बघून लोक हसावेत, ही कल्पना. पण ते महामंदीचं ऐन वर्ष होतं. चित्रपटगृहाबाहेर बेकार माणसं फाटक्या बुटांत पुठ्ठा घालत होती आणि त्या पुठ्ठ्याला तेव्हाच्या राष्ट्राध्यक्षांवरून ‘हूव्हरचं चामडं’ म्हणत होती.