रोपं मान का टाकतात?

अक्षयतृतीयेला काहीतरी पेरायचे, ही आमच्या घरची जुनी रीत. यंदा मी मिरचीचे बी पेरले. पत्र्याचा जुना डबा, त्यात शेणखताची माती, आणि वर मूठभर बी! दहा-बारा दिवसांत हिरवी मखमल उगवली. शेजारच्या वहिनींना मुद्दाम बोलावून दाखवली. आणि चार दिवसांनी सकाळी पाहते तो काय, निम्मी रोपे आडवी!

पाणी कमी पडले असेल, म्हणून मी आणखी पाणी घातले. दोन दिवसांत उरलेलीही गेली.

मैत्रिणींनो, तुमच्याकडेही असे होत असेल, तर मान टाकलेले एक रोप उपटून पाहा. मातीलगत देठ आवळल्यासारखा बारीक, पाणचट झालेला दिसेल. ही बुरशी. रोपे कोलमडण्याचा हा रोग शेतकऱ्यांच्या चांगलाच ओळखीचा आहे. सतत ओली माती, दाटी आणि कोंदट हवा मिळाली की ती फोफावते. म्हणजे तहान समजून मी जे पाणी दिले, ते रोगालाच पाजले!

खरे तर सुरुवातीला रोपाला आपले फारसे काही लागतच नाही. शाळेत आम्ही ओल्या कापसावर चवळी रुजवतो, तेव्हा मुले हमखास विचारतात, "बाई, माती नाही, खत नाही, मग हे वाढतं कशावर?" दाण्याच्या दोन डाळिंब्यांत त्याची शिदोरी बांधलेली असते. आधी मूळ खाली जाते, पाने मागून येतात. शिदोरी संपेपर्यंत पानांना ऊन मिळाले पाहिजे. अंधाऱ्या खिडकीतले रोप भराभर उंच आणि फिकट होते ना, ती वाढ नव्हे, उजेडासाठीची धडपड.

माझे माहेर कोकणातले. आईला फोनवर रडगाणे सांगितले, तर ती म्हणाली, "अगं, तरवा कसा करतात ते विसरलीस का?" आमच्याकडे पावसाआधी भाताच्या रोपांच्या जागेवर शेण, पालापाचोळा पसरून राब भाजतात. त्याने तणाचे बी जळते, जमीन स्वच्छ होते. मगच तिथे बी पडते, आणि तीन-चार आठवड्यांनी रोपे काढून लावणी.

गच्चीवर राब कुठला भाजणार? मी नवी माती आठवडाभर कडक उन्हात वाळवली, थोडी वाळू मिसळली, डब्याला खाली जास्त भोके पाडली. या वेळी बी ओळीत, विरळ, अर्ध्या पेराइतकेच खोल. पाणी सकाळी, तेही वरची माती सुकली तरच.

रोपे छान आली, पण तरीही दाटीच. दोन-दोन पाने फुटल्यावर मधली काढायला हवी होती. चांगली ठणठणीत रोपे, माझा हात धजेना. शेवटी सासूबाईंनीच कात्री घेतली. उपटली नाहीत, मातीलगत कापली, म्हणजे शेजारच्या मुळांना धक्का नको. मी आपली तोंड फिरवून उभी!

जंगलात ही विरळणी आणखी कठोर. मध्य प्रदेशातल्या कान्हाच्या सालवनात झाडांखाली इवली रोपे पाहून मला वाटले होते, यंदाचीच असतील. पण सालाचे बी पावसाच्या तोंडावर गळते आणि थोड्याच दिवसांत रुजले नाही तर वाया जाते. रुजलेल्या रोपाचा शेंडा उन्हाळ्याने, थंडीने, वणव्याने पुन्हा पुन्हा मरतो. मूळ मात्र जिवंत राहून जाड होत जाते. अशी बरीच वर्षे गेल्यावर एखाद्या वर्षी शेंडा टिकतो आणि झाड वर निघते. वीतभर रोपाचे वय कोणी सांगावे?

मिरचीला एवढा धीर लागत नाही. पाच-सहा आठवड्यांत रोप कुंडीत हलवता येते. आधी चार-पाच दिवस पाणी कमी करा, हळूहळू उन्हाची सवय लावा. संध्याकाळी, मुळाशी माती ठेवून लावा, एकदा नीट पाणी द्या आणि दोन दिवस सावली करा. तरी ते मलूल दिसेल. तेव्हा तांब्या घेऊन धावू नका हं. मी धावले होते; सासूबाईंनी हातातून काढून घेतला.